पंचविसात पंचवीस

हंबीररावांनी निळ्या ड्रममध्ये बोट बुडवलं, चाटलं आणि तोंड वाकडं करून ते खिडकीतून बाहेर थुंकले.

"खारं हाय," त्यांनी जाहीर केलं.

"खारंच असायला पाहिजे, मामा," त्यांची सून प्रियदर्शनी म्हणाली. ती घराच्या पुढच्या सोप्यात फरशीवर मांडी घालून बसली होती आणि ड्रममध्ये छोटा पंप सोडत होती. शेजारी समुद्री मिठाची फोडलेली पिशवी होती. "समुद्रातले मासे येणार आहेत. त्यांना गोडं पाणी चालत नाही."

"आगं पर घरात? मिठाला भिऊन लोकं वावरं सोडाय लागल्यात, आणि आपण पिशवीनं मीठ आणून पाण्यात कालवाय लागलोय व्हय?"

प्रियदर्शनी हसली आणि तिनं पंप सुरू केला. पाणी गरगर फिरू लागलं. हंबीररावांचा पुढचा मुद्दा त्या आवाजात बुडाला. त्यांचे मुद्दे बुडवायची ही पद्धत त्यांना मुळीच पसंत नव्हती.

प्रियदर्शनी मूळची सांगलीची. लग्न होऊन कुंडलला आली आणि जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागली. नवरा धैर्यशील, म्हणजे हंबीररावांचा एकुलता एक मुलगा, फौजेत होता आणि सध्या अंदमानात. तिथून तो समुद्राच्या तळाचे व्हिडिओ पाठवायचा. पोवळ्याचे खडक, त्यात लपाछपी खेळणारे मासे. एक दिवस प्रियदर्शनीनं ठरवलं, त्याला जे तिथं दिसतं ते आपल्याला इथं दिसलं पाहिजे. मग सांगलीहून तीन फुटी काचेची टाकी आली. ती सोप्यात जिथं टीव्ही होता तिथं बसली आणि टीव्ही उचलून आतल्या खोलीत गेला. हंबीररावांच्या मते या घरावर झालेला हा दुसरा मोठा अन्याय होता.

पहिला अन्याय मिठाचाच होता आणि तो गावाला पाठ होता. ओढ्याकडं हंबीररावांची तीस गुंठ्यांची पट्टी होती. एके काळी तिच्यात मनगटाएवढा ऊस यायचा. हंबीरराव उसाला पाणी पाजायचे ते हात राखून नाही. लोक आठवड्याला पाणी देत तिथं ते तीन दिवसांनी दारं धरून उभे राहत. उसाला तहान लागली आणि हंबीररावांना कळलं नाही, असं कधी झालं नव्हतं. आणि अशा जमिनीवर एका उन्हाळ्यात पिठासारखा पांढरा थर आला. पुढच्या वर्षी ऊस गुडघ्यापर्यंत येऊन पिवळा पडला. त्याच्या पुढच्या वर्षी उगवलाच नाही. जमीन क्षारपड झाली. अकरा वर्षं ती तशीच पडून होती आणि तिच्यावर लव्हाळ्याखेरीज काही उगवत नव्हतं.

हे मीठ कुठून आलं याबद्दल हंबीररावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ते चुलतभाऊ भाऊसोकडून आलं. भाऊसोचं वावर त्या पट्टीला वरच्या अंगानं आणि ओढ्याच्या अंगानं असं दोन्हीकडून कवेत घेऊन बसलेलं. वरनं पाझरलं, दुसरं काय? तेव्हा भाऊसो स्वतः घरी येऊन म्हणाला होता, "दादा, जमिनीखालनं पाईप टाकू आणि माझ्या वावरातनं खारं पाणी ओढ्याला काढू. लोकं करत्यात आसं." हंबीररावांनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. "आदी कबूल कर, मीठ तुज्या वावरातनं आलं. मग पाईपचं बोलू." भाऊसोनं कबूल केलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एका गल्लीत घरं, परसाला परस लागून, आणि अकरा वर्षांत एकमेकांना 'कसा हाईस' एवढंही नाही. बायकांचं मात्र येणंजाणं होतं, कारण बायकांना असल्या गोष्टींसाठी वेळ नसतो.

खारं पाणी टाकीत भरलं, पांढरा खडक रचला, वाळू पसरली, दिवा लावला. मग प्रियदर्शनीनं सांगितलं की मासे महिनाभरानं येतील.

"आणि तवर?" बनुबाईंनी विचारलं. त्या हंबीररावांच्या पत्नी. आजवर कोणतीही नवी वस्तू घरात आली की तिला हळदीकुंकू लावून त्या कामाला लागत. या टाकीपुढं मात्र हळदीची वाटी हातात धरून त्या घुटमळल्या होत्या. पाण्यात काहीही टाकायचं नाही अशी सुनेची सक्त ताकीद होती.

"तोवर पाणी तयार होऊ द्यायचं, आत्या. खडकात बारीक जिवाणू वाढतात, ते घाण खातात. ते वाढल्याशिवाय मासे सोडले तर मरतील."

"म्हंजी बाळंतिणीची खोली," बनुबाईंनी आपल्यापुरता उलगडा केला आणि काचेला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं.

महिनाभर गल्लीतली माणसं टाकी बघायला येत राहिली. प्रत्येकजण काचेला नाक लावायचा आणि विचारायचा, "मासं कुठं हायती?" हंबीररावांना पहिल्या दिवशी या प्रश्नाचा आनंद झाला. चौथ्या दिवशी राग आला. दहाव्या दिवशी तेच लोकांना समजावू लागले. "आरं, जीवाणू वाढाय पायजेत आदी. तुमाला काय कळतंय? बाजारातनं मासा आणला आन् सोडला, आसं नसतंय त्ये." बनुबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी चहात आलं जरा जास्त ठेचलं.

मासे आले ते दोन, सांगलीहून, फुगलेल्या पिशवीत. केशरी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे. एक मोठा, एक लहान. प्रियदर्शनीनं पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, मग पेल्यापेल्यानं आतलं पाणी तिच्यात घातलं. हंबीररावांना हे सगळं मान्य होतं. नव्या बैलाला दावणीला बांधायच्या आधी चार दिवस ओळख करून द्यावीच लागते.

"ह्यो मोठा नर न्हवं?" त्यांनी विचारलं.

"मोठी ती मादी, मामा. या माशांत मादी मोठी असते. तिचंच चालतं. नर तिच्या मागं मागं."

बनुबाईंनी खुर्ची ओढून टाकीपुढं घेतली आणि संध्याकाळची मालिका पहिल्यांदाच चुकवली.

चैत्र संपत आला तसं प्रियदर्शनीला परीक्षेचे पेपर तपासायला पंधरा दिवस कोल्हापूरला जायचं फर्मान आलं. निघताना तिनं हंबीररावांना टाकीपुढं उभं केलं.

"सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं. जास्त नाही. उन्हाळा आहे म्हणून टाकीवर पंखा लावलाय, तो चालू ठेवायचा. पंख्यानं पाणी उडतं, रोज दीड-दोन लिटर कमी होईल. काचेवर ही खूण केलीय. पाणी खुणेखाली गेलं की या पांढऱ्या कॅनमधलं गोडं पाणी खुणेपर्यंत घालायचं. निळ्या ड्रममधल्या खाऱ्या पाण्याला हात लावायचा नाही, ते मी आल्यावर वापरीन. आणि ही डबी."

ती पाण्याचा खारटपणा मोजायची प्लास्टिकची चपटी डबी होती. टाकीतलं पाणी तिच्यात भरलं की आतला काटा वर चढायचा आणि आकड्यावर थांबायचा. आकड्यांच्या मध्यावर हिरवा पट्टा होता.

"काटा पंचविसावर पाहिजे. हिरव्या पट्ट्याच्या बाहेर गेला तर लगेच मला फोन करायचा."

"आगं, जा तू. हितं काय मी नवा हाय?" हंबीरराव म्हणाले. नवेच होते.

ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव पांढरा कॅन हातात धरून टाकीपुढं बराच वेळ उभे राहिले. त्यांना तिचं बोलणं पटत नव्हतं. बिचारे मासे समुद्रातले. समुद्रात कोण गोडं पाणी ओततं? पोरगी हुशार, पण शेवटी पुस्तकातली. शिवाय मिठाची पिशवी परत आणायला सांगलीला जावं लागतं, म्हणून काटकसर करत असेल. हंबीररावांचा काटकसरीवर विश्वास नव्हता. ज्याला पाजायचं त्याला त्याच्या आवडीचं पाजावं. त्यांनी कॅन खाली ठेवला, निळ्या ड्रमचं झाकण काढलं आणि तांब्यानं खारं पाणी काढून टाकीत ओतलं.

ते आंधळेपणानं ओतणारे नव्हते. आधी त्यांनी ड्रममधलं पाणी डबीत भरून बघितलं. पंचवीस. टाकीतलं बघितलं. पंचवीस. पंचविसात पंचवीस मिसळले तर पंचवीसच राहणार, हे पहिलीतलं पोरही सांगेल. त्यांनी समाधानानं डबी पुसून ठेवली आणि मासे त्यांच्याकडं कृतज्ञतेनं बघतायत असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी काटा सव्वीसवर गेला.

त्यांनी डबी झटकली, परत भरली. सव्वीस. ड्रममधलं पाणी बघितलं. पंचवीस. "डबी बिघडलीया," ते म्हणाले. सहाव्या दिवशी टाकीत अठ्ठावीस आणि ड्रममध्ये अजूनही प्रामाणिक पंचवीस. आठव्या दिवशी टाकीतला काटा तिसाच्या वर, हिरवा पट्टा ओलांडून लाल पट्ट्यात. मोठी मासोळी खडकाच्या आडोशाला जाऊन राहिली होती आणि तिचे कल्ले भराभर हलत होते. लहान मासा तिच्या मागं. दोघांनीही सकाळचं खाणं तसंच सोडलं होतं.

हंबीरराव टाकीपुढं येरझाऱ्या घालू लागले. मुलगा समुद्रापलीकडं, सून तिकडं पेपर तपासतेय आणि तिनं विश्वासानं सोपवलेले दोन जीव आपल्या हातात आहेत. फोन करावा तर काय सांगायचं? त्यांनी डोकं चालवलं आणि ते जिथं नेहमी पोहोचायचं तिथंच पोहोचलं. पाण्यात मीठ वाढलं, याचा अर्थ कुणीतरी मीठ टाकलं.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"टाकीत मीठ घातलंस व्हय?"

बनुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"मी मीठ घालीन त्ये कालवणात. माशाचं कालवण करायचं आसंल तवा सांगा."

"मग कोण आलं हुतं घरात?"

"कोण न्हाई आलं ते इचारा. सगळी गल्ली येऊन गेली. आन् परवा भाऊसो भावजी आले हुते."

हंबीरराव दाराची चौकट धरून उभे राहिले.

"भाऊसो? माज्या घरात?"

"तुमी पारावर गेला हुता तवा. म्हणले, वैनी, सगळी म्हणत्यात लय झ्याक मासं हायती, मला बी बघूंद्या की. बघितलं, गेलं. तुमी यायच्या आत जातो म्हणले."

"पाण्यात हात घातला?"

"काचंला लावला. डाग पडला म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसला बी. आवं, मानूस हाय त्ये."

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. ते मागच्या दारानं परसात गेले आणि भाऊसोच्या गोठ्यापुढं उभे राहिले. गोठ्याच्या पाठीशी काळ्या पाईपचं एक भलंमोठं वेटोळं पडलेलं होतं. वर्षानुवर्षं तिथंच. त्यावर दोडक्याचा वेल चढलेला. हंबीररावांनी एकदा ग्रामसभेत उभं राहून ठरावच मांडला होता की भाऊसोनं गोठ्यामागं भंगार साठवलंय, त्यात साप होतील, ते उचलायला सांगावं. भाऊसोनं ते उचललं नाही. सापही झाले नाहीत. हंबीररावांना दोन्ही गोष्टींचा सारखाच राग होता.

"भाऊसो!"

भाऊसो म्हशीला वैरण टाकत होता. अकरा वर्षांनी त्या तोंडातून आपलं नाव ऐकून त्याच्या हातातली पेंडी खाली पडली.

"काय झालं, दादा?"

"माज्या टाकीत मीठ टाकलंस!"

भाऊसोनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग म्हशीकडं, जणू म्हशीनं तरी हे नीट ऐकलं असेल.

"वावरात बी मीच टाकलं, टाकीत बी मीच टाकलं," तो म्हणाला. "दादा, माजा काय मिठाचा कारखाना हाय? पोत्यानं मीठ घिऊन हिंडतोय व्हय मी, दादाचं पाणी कुठं दिसतंय ते बघत?"

"मग कसं वाढलं? पंचविसात पंचवीस घातलं तर सव्वीस हुतंय कसं, ते सांग!"

भाऊसोला हसू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. हंबीरराव तसेच पाय आपटत परतले. आपलं कुठंतरी चुकतंय अशी एक शंका परस ओलांडताना त्यांच्या मागं लागली, आणि रागाच्या माणसाला अशी शंका फार त्रास देते.

शेवटी त्यांनी फोन लावला. व्हिडिओवर प्रियदर्शनीनं आधी मासे बघितले, मग डबीतला काटा. तिचा चेहरा उतरला. मग तिनं हळूच विचारलं,

"मामा, वरून पाणी कुठलं घातलंत?"

हंबीररावांनी घसा साफ केला. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. आजवर गरजच पडली नव्हती, कारण ते नेहमी बरोबरच असत.

"ड्रममधलं. पर मोजून घातलं, पोरी. ड्रमात पंचवीस, टाकीत पंचवीस. मग पंचविसात पंचवीस घातलं तर..."

"मामा, टाकीतलं रोज दोन लिटर पाणी कमी होतं. ते कुठं जातं?"

"हवंत."

"आणि मीठ?"

हंबीररावांनी टाकीकडं बघितलं. टाकीवरचा पंखा घरघरत होता. पाण्याच्या वरच्या कडेला काचेवर आणि पंख्याच्या जाळीवर एक पांढरा थर धरला होता, पिठासारखा. त्यांनी तो गेले आठ दिवस रोज पुसला होता.

"मीठ कुटं जात न्हाई," ते सावकाश म्हणाले.

"बरोबर. पाणी गेलं, मीठ मागं राहिलं. तुम्ही परत खारं पाणी घातलंत, परत पाणी उडालं, परत मीठ मागं राहिलं. बाहेरून कुणी काही टाकायला लागत नाही, मामा. आपण नुसतं घालत राहिलो तरी वाढतं."

"आन् पाणी गोडं आसलं तर?"

"कुठलं गोडं?"

"हीचं... पाटाचं. बोअरचं."

प्रियदर्शनी शिक्षिका होती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या तोंडून आपोआप निघायचं.

"त्यातही थोडं मीठ असतंच की. आणि जमिनीतलं असतं. पाणी जास्त झालं आणि त्याला जायला वाट नसली की ते खालचं मीठ वर आणतं. मग ऊन पाणी उडवून नेतं आणि मीठ वर..." ती एकदम थांबली. ओढ्याकडची पट्टी तिनंही पाहिली होती. "मामा?"

"ऐकतोय."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मासं जगत्याल का, त्ये सांग."

"जगतील. पण घाई नको. नळीनं खालचं थोडं खारं पाणी काढायचं आणि तेवढंच गोडं वरून सोडायचं. एकदम नाही. रोज थोडं. काटा हळूहळू खाली येईल."

"खालनं काढायचं, वरनं गोडं सोडायचं."

"हो."

"निचरा," हंबीरराव म्हणाले.

"हो. निचराच म्हणा."

फोन बंद झाल्यावर ते टाकीपुढं फरशीवर बसले. नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. जरा जास्तच जोरात ओढलं आणि तोंडभर खारं पाणी आलं. बनुबाई धावत तांब्या घेऊन आल्या. पण या खेपेला ते थुंकले नाहीत. ही चव त्यांच्या ओळखीची होती. पट्टीवर पहिल्यांदा पांढरं दिसलं तेव्हा त्यांनी वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली होती, ती हीच. त्या दिवशी उठून त्यांनी सरळ भाऊसोच्या बांधाकडं बघितलं होतं. भाऊसोनं तर त्याच्याही दोन वर्षं आधी उसाला ठिबक बसवलं होतं. थेंबाथेंबानं पाणी देणाऱ्याच्या वावरातनं पाझरणार काय? हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. माहीत असून त्यांनी ते कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. पाणी त्यांनीच पाजलं होतं, तीन-तीन दिवसांनी, मायेनं. त्यांना लाज वाटली. इतकी की ते तोंडातलं पाणी गिळून बसले.

"आवं, थुका की त्ये," बनुबाई म्हणाल्या.

"गिळलं," हंबीरराव म्हणाले.

नळीतून पाणी बादलीत पडत होतं. एक बादली भरली. त्यांनी पांढऱ्या कॅनमधलं गोडं पाणी पेल्यापेल्यानं वर सोडलं, सुनेनं जाताना सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, तसं.

दुसऱ्या दिवशी काटा तिसावर आला. तिसऱ्या दिवशी अठ्ठाविसावर, हिरव्या पट्ट्याच्या काठाला. चौथ्या दिवशी सकाळी मोठी मासोळी आडोशातून बाहेर आली, काचेपर्यंत आली आणि हंबीररावांकडं तोंड करून थांबली. तिनं चिमूटभर खाणं खाल्लं. लहान माशानं तिच्यानंतर खाल्लं. हंबीरराव डोळे पुसत उठले आणि त्यांनी उन्हाळ्याला दोन शिव्या घातल्या.

"भाऊसोला बोलीव," ते बनुबाईंना म्हणाले.

बनुबाईंनी पदर सावरला. "कशाला? परत भांडाय?"

"मासं बघाय."

"बघून गेल्यात की ते."

"मी असताना न्हाई बघितलं."

मागच्या दारानं बनुबाई इतक्या लगबगीनं गेल्या की वाटेत चप्पल घालायची राहून गेली.

भाऊसो आला तो उंबऱ्यावर थांबला. अकरा वर्षांपूर्वी जिथं थांबवला होता तिथंच. हंबीररावांनी ते बघितलं. ते उठले, टाकीपुढची बनुबाईंची खुर्ची पुसली आणि तिच्यावर हात आपटला. भाऊसो आत आला आणि बसला. दोघं माशांकडं बघत राहिले. दोन म्हाताऱ्यांना एकमेकांकडं न बघता बसायला ही टाकी फार सोयीची होती.

"मोठी ती मादी," हंबीरराव म्हणाले.

"आसं व्हय?"

"तिचंच चालतंय."

"सगळीकडं त्येच की," भाऊसो म्हणाला. मग थोडं थांबून, "मिठाचं काय झालं रं, दादा? घावला का कोण?"

"घावला."

भाऊसोनं कोण ते विचारलं नाही. हंबीररावांनी डबी उचलली, पाण्यानं भरली आणि त्याच्या हातात दिली. काटा सव्विसावर हलत होता.

"एकतीसला गेलता," ते म्हणाले. "खालनं थोडं थोडं काढाय लागतंय. वरनं गोडं सोडायचं. घाई करायची न्हाई. उतरतंय मग."

"आन् काढलेलं पानी कुटं सोडतोस?"

"मोरीत." हंबीररावांनी डबी परत घेतली, विनाकारण पुसली. "हितं मोरी हाय. पट्टीला मोरी न्हाई. तिथलं ओढ्यालाच काढाय लागंल. तुज्या वावरातनं."

भाऊसो माशांकडंच बघत होता. त्याची मान हळूहळू हलली, हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही.

"किती इंची पाईप लागंल?" हंबीररावांनी विचारलं.

"चार इंची."

"लगीच सांगितलंस?"

"आणून ठेवलाय की."

"कवा?"

"तुज्याकडं आलतो न्हवं, त्येच्या आदल्या दिवशी. म्हणलं दादा व्हय म्हणला की उशीर नगो." भाऊसोनं अंगठ्यानं मागच्या बाजूला खूण केली. "गोठ्यामागं पडलाय."

हंबीरराव मागच्या दाराकडं बघत राहिले. तिथून ते काळं वेटोळं स्वच्छ दिसत होतं. ग्रामसभेत आपण काय काय बोललो होतो ते शब्द त्यांना एकामागून एक आठवू लागले आणि प्रत्येक शब्दाला त्यांची मान थोडी खाली गेली.

"त्येच्यावर दोडका हाय न्हवं," अखेर ते म्हणाले.

"हाय. फुलावर आलाय."

"मग दोडकी निघूंद्यात. इतकी वर्सं थांबलाय, अजून म्हैनाभर थांबंल."

"दोडकी बाजारात मिळत्यात, दादा," भाऊसो म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला. "इळा कुटं हाय तुजा?"

बनुबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या तेव्हा सोप्यात फक्त मासे होते.